सायकलस्वाराची दृष्टी

सायकल शिकू लागलेला मुलगा प्रथम आपल्या पुढच्या चाकाकडे टक लावून पाहतो आणि पडतो. चार दिवसांनी त्याची नजर दहा-वीस पावले पुढे जाते, तेव्हा त्याचा तोलही सावरतो. पुढे रहदारीत शिरल्यावर त्याला आणखी पुष्कळ शिकावे लागते. खड्डा कोठे आहे, मागून कोणते वाहन येत आहे, कडेला उभ्या असलेल्या मोटारीत कोणी बसले आहे काय, हे सारे त्याला एकाच वेळी ध्यानात ठेवावे लागते. हे शिक्षण सायकलीवरून उतरल्यावर वाया जात नाही. पायी चालताना आणि मोटार चालवतानाही ते उपयोगी पडते. ते कसे, हे ह्या पाठात पाहू.

ह्या विषयाचे महत्त्व एका आकड्यावरून समजेल. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते.

अंतर आणि वेळ

समजा, एक सायकलस्वार ताशी १८ किलोमीटर वेगाने जात आहे. म्हणजे तो एका सेकंदात ५ मीटर अंतर तोडतो. ताशी ५४ किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्याच वेळात १५ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर हे अंतर वेग मुळीच कमी न होता तोडले जाते. त्यानंतर वाहन थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ब्रेकची पकड सारखी मानली, तर तिप्पट वेगाला नऊपट अंतर लागते.

आता पादचाऱ्याचा विचार करू. सात मीटर रुंदीचा रस्ता ओलांडण्यास त्याला सुमारे सहा सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत वरील मोटार ९० मीटर पुढे येते. ९० मीटरांवरील मोटार आपणांस केवढी दिसते? हात लांब करून अंगठा उभा धरावा. त्या अंगठ्याच्या जवळजवळ निम्म्या रुंदीएवढी ती दिसते. तीन सेकंदांनी ती अंगठ्याएवढी होते. उरलेल्या तीन सेकंदांत मात्र ती झपाट्याने मोठी होत जाऊन सारे दृष्टिक्षेत्र व्यापते. दूरच्या वाहनाचा वेग डोळ्यांना नीट कळत नाही, त्याचे कारण हेच होय.

सायकलस्वाराला हा हिशेब रोज करावा लागतो. चौकात थांबलेली सायकल पुन्हा गतिमान करण्यास वेळ लागतो, आणि अंदाज चुकला तर त्याची झळ त्याच्याच अंगाला लागते. म्हणून तोच मनुष्य पायी रस्ता ओलांडताना ‘मोटार अजून लांब आहे’ एवढ्यावर विसंबत नाही. ती किती वेळात येथे पोहोचेल, असा प्रश्न तो मनाशी करतो.

न दिसण्याचा अनुभव

समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी १९७२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत एक मार्मिक कसोटी आहे. जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरील दिशा फारशी बदलत नसेल, तर टकरीचा धोका आहे असे मानावे, असे तो नियम सांगतो. रस्त्यावरही हे तत्त्व लागू पडते.

एक मोटार चौकापासून ९० मीटरांवर आहे आणि आडव्या रस्त्याने येणारी सायकल ३० मीटरांवर. दोन्ही सहा सेकंदांत चौकात पोहोचणार आहेत. तोपर्यंत प्रत्येक क्षणी त्यांच्या अंतरांचे प्रमाण तीनास एक असेच राहते. परिणामी चालकाला सायकल समोरच्या काचेत एकाच जागी स्थिर दिसते. दृष्टीच्या कडेला काही हलले तर आपले लक्ष तिकडे वेधते, परंतु न हलणारी वस्तू सहज निसटते. त्यातून ती काचेच्या कडेच्या खांबाआड आली, तर शेवटपर्यंत तेथेच दडून राहते. चालकाचे डोळे उघडे असतात, तरीही सायकल त्याला दिसत नाही.

ज्याने सायकल चालवली आहे, त्याने ह्या खांबाआड राहण्याचा अनुभव घेतलेला असतो. चालकाची नजर आपल्यावरून सरकून गेली, हे त्याने अनेकदा पाहिलेले असते. असा मनुष्य स्वतः मोटार चालवू लागला की रिकाम्या दिसणाऱ्या रस्त्यावर एकदम विश्वास ठेवत नाही. चौकाजवळ तो वेग कमी करतो व मान पुढेमागे करून खांबापलीकडे पाहतो. वेग बदलताच अंतरांचे प्रमाण बदलते आणि दडलेली सायकल खांबाआडून बाहेर येते.

जागा सोडण्याचे शास्त्र

सायकल अगदी सरळ रेषेत कधीच जात नाही. तोल राखण्यासाठी हँडल सतत किंचित डावी-उजवीकडे वळवावे लागते, आणि वेग मंद असता ही हालचाल वाढते. पुढे गटाराची जाळी किंवा खड्डा आला की स्वार अकस्मात बाजूला वळतो. सायकल चालवलेल्या चालकाला हे आधीच कळते. सायकलीपुढचा खड्डा त्याला दिसतो आणि तो पुरेशी जागा सोडतो.

उभ्या मोटारीचे दार अचानक उघडणे हाही सायकलस्वाराच्या परिचयाचा धोका आहे. त्यावर एक साधा उपाय आहे. दारापासून दूरच्या हाताने दार उघडावे. भारतात चालक उजवीकडे बसतो. त्याने डाव्या हाताने दार उघडले की शरीर आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते. ब्रिटनच्या रहदारी-संहितेत २०२२ साली ही सूचना समाविष्ट करण्यात आली.

काय सिद्ध होते?

ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. रस्त्याच्या चित्रांतील बदल ओळखण्याच्या चाचणीत सायकलही चालवणारे मोटारचालक इतर चालकांपेक्षा अधिक त्वरेने बदल हेरत, असे त्यांना आढळले. तथापि, हा सायकलीचाच परिणाम आहे असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. मुळातच सावध असणारी माणसे सायकलीकडे वळत असतील, हेही शक्य आहे. शिवाय उलट्या दिशेने जाणे, दिवा न लावणे अशा वाईट सवयीही सायकलीवर जडू शकतात. अनुभवावर विचाराची जोड मिळाली, तरच त्याचे ज्ञान होते.

करून पहा : शिक्षकांसह चौकाजवळच्या पदपथावर दहा मिनिटे उभे राहा. येणाऱ्या प्रत्येक सायकलस्वाराविषयी, तो आता कोठे वळेल, हे आधी सांगा आणि मग काय घडते ते पाहा. जेथे अंदाज चुकेल, तेथे त्याला दिसलेली कोणती गोष्ट आपणांस दिसली नाही, हे शोधून वहीत लिहा.