रोग्याच्या पिशवीतील औषधे

चि. श्रीधर यास,

तुझे पत्र पावले. ग्रामीण रुग्णालयात रुजू होऊन तुला फार दिवस झाले नाहीत, तोच मधुमेहाचे आणि संधिवाताचे जुने रोगी तुझ्या औषधांबरोबर वैदूचा काढा, होमिओपॅथीच्या साबुदाणा-गोळ्या आणि कोणा महाराजांचा अंगारा एकसमयावच्छेदेकरून घेतात हे पाहून तू संतापलास, आणि ‘माझे औषध हवे तर बाकीचे बंद’ असा हुकूम सोडलास. तळमळ खरी, परंतु त्या हुकमाने रोगी काढा सोडणार नाही, तुला सांगणे तेवढे सोडील.

जो आजार बरा होणार नाही, केवळ ताब्यात राहील, असे तू स्वतःच सांगतोस, त्याने गांजलेला माणूस ‘मुळापासून घालवतो’ म्हणणाऱ्याच्या दारी गेला तर त्यात मूढपणापेक्षा आशा अधिक असते; शिवाय वैदू त्याला ओट्यावर बसवून त्याची सारी कैफियत ऐकतो, आणि तुझ्याकडे मागच्या रोग्याचा कोपर त्याच्या बरगडीत रुतत असतो.

झाडपाल्याची सरसकट निंदाही करू नकोस. सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली जगापुढे मांडले आणि १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन निराळे काढले गेले. मात्र गुण देणारी मुळी अवगुणही करू शकते. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब चढतो. कारल्याचा रस साखर उतरवणाऱ्या गोळ्यांच्या जोडीस आला, की एखादा रोगी घामाघूम, थरथरत तुझ्यापुढे येईल. (मधुमेह बरा करण्याची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, एसटी स्थानकाच्या भिंतींना ते कळवायचे राहिलेले दिसते.) ज्या मुलाच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, त्याचे इंजेक्शन बंद करवू पाहणाऱ्याशी मात्र तिळमात्र तडजोड करू नकोस, १९२२ पूर्वी, ते उपलब्ध नव्हते तेव्हा, अशी मुले हातची जात.

तेव्हा ‘आणखी काय घेता, आजी?’ असे सहज स्वरात विचार, पिशवी टेबलावर रिकामी करायला सांग, आणि निघेल ते केसपेपरवर बिनटीका नोंदव. तीत वर्तमानपत्राच्या कागदातली बिननावाची पुडी निघाली, आणि तिने दुखरे गुडघे दोन दिवसांत हलके होऊन पुढे भूक वाढली व चेहरा वाटोळा झाला असेल, तर स्टेरॉइडच्या भेसळीचा संशय धर. परंतु ‘ही आजच फेकून द्या’ असे बोलून बसू नकोस. महिनोन्महिने बाहेरून मिळालेल्या त्या द्रव्याने शरीराची स्वतःची निर्मिती मंदावलेली असते, आणि पुरवठा एकाएकी तोडल्यास रक्तदाब कोसळून प्राणावर बेतते. पुडीच्या जागी मोजलेली मात्रा देऊन ती हळूहळू उतरवीत ने, आणि पुडीचा नमुना अन्न व औषध प्रशासनाकडे तपासणीस रवाना कर.

तुझा,
आप्पाकाका