पीठ आणि पाटी

पॅलेस्टाइन हा अरबांचा जुना मुलूख. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला जॉर्डन नदी. तिथली पुष्कळ माणसं आपल्यासारखीच शेतकरी होती. गहू पेरावा, शेरडं-मेंढरं पाळावी, जैतुनाच्या फळांचं तेल काढावं. जैतुनाचं झाड फार वर्षं जगतं. आजानं लावावं आणि नातवानं फळं काढावी, अशी तिथली रीत.

मग ही माणसं निर्वासित कशी झाली?

युरोपात लाखो ज्यू लोकांची कत्तल झाली होती. ज्यूंना आपला हक्काचा देश हवा होता. 1947 साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलं, की पॅलेस्टाइनची वाटणी करावी. एक भाग ज्यूंचा, एक अरबांचा. पिढ्यान् पिढ्या तिथं राहणाऱ्या अरबांना ही वाटणी मान्य नव्हती. भारतानंही वाटणीच्या विरुद्ध मत दिलं. पुढं लढाई पेटली. 1948 साली इस्रायल देश उभा राहिला आणि 7 लाखांहून जास्त पॅलेस्टिनी बेघर झाले. कुणी भीतीनं पळाले, कुणाला हाकलून लावलं.

जाताना कित्येकांनी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली बरोबर घेतली. त्यांना वाटलं, आठ-पंधरा दिवसांत परत येऊ. परत येणं झालंच नाही. त्या किल्ल्या पुष्कळ घरांत अजून जपून ठेवल्या आहेत.

समुद्रकाठी गाझा नावाची चिंचोळी पट्टी आहे. तिथं तेव्हा सुमारे 80 हजार लोक राहत होते. त्यांच्याकडे सुमारे 2 लाख निर्वासित आले. म्हणजे आठ माणसांच्या घरात वीस पाहुणे! आणि पाहुण्यांना परत जायला वाट नाही.

अशा वेळी दूरची माणसं धावून आली. क्वेकर नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. शस्त्र हाती धरायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यांच्या माणसांनी गाझात पीठ वाटलं. मग संयुक्त राष्ट्रांनी एक मदत-संस्था काढली. 1950 च्या मे महिन्यात तिचं काम सुरू झालं. तिथले लोक तिला ‘वकाला’ म्हणतात. आपला ‘वकील’ हा शब्द त्याच कुळातला.

संस्थेनं घरटी माणसं मोजली. रेशनकार्डं दिली. कार्डावर पीठ, साखर, तेल मिळू लागलं. पिठानं जीव जगला. पण पोरांचं पुढं काय? म्हणून तंबूतच शाळा भरल्या. मास्तर निर्वासित, मुलंही निर्वासित.

त्या शाळांचं झाड केवढं वाढलं पाहा. 2023 साली संस्थेच्या सुमारे 700 शाळा होत्या. त्यांत 5 लाखांवर मुलं-मुली शिकत होती. त्या वेळी दर 100 मोठ्या पॅलेस्टिनी माणसांपैकी 97 हून जास्त जणांना लिहिता-वाचता येत होतं. शेत गेलं, विहीर गेली, पण शिकलेलं अक्षर कुणाला हिसकावता आलं नाही. आपण मोठेपणी पाटी हातात घेतली. आपल्याला याचं मोल सांगायला नको.

आपल्या देशानंही हातभार लावला आहे. 1956 ते 1967 या काळात भारतीय जवान संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून गाझात पहाऱ्याला होते. त्यांतल्या काहींनी तिथं प्राण ठेवले. 1988 साली भारतानं पॅलेस्टाइनला देश म्हणून मान्यता दिली. 2023 च्या ऑक्टोबरात औषधं, तंबू असं सामान विमानानं धाडलं.

त्याच महिन्यात फार मोठं संकट आलं होतं. 7 ऑक्टोबरला हमास या संघटनेनं इस्रायलवर हल्ला केला. सुमारे 1,200 माणसं मारली गेली आणि सुमारे 250 जणांना धरून नेलं. मग इस्रायलनं गाझावर युद्ध केलं. त्यात 60 हजारांहून जास्त पॅलेस्टिनी मेले, असं तिथल्या आरोग्य खात्यानं 2025 साली सांगितलं. शाळांतली मुलं गेली आणि तिथं बेघर कुटुंबं राहू लागली. मदतीच्या वाटा वारंवार अडवल्या गेल्या. 2025 च्या ऑगस्टमध्ये गाझा शहराच्या भागात दुष्काळ जाहीर झाला. हा दुष्काळ पावसानं पाडलेला नव्हता. ऑक्टोबरात युद्धबंदी झाली.

या वकालाची स्वतःची तिजोरी नाही. देश आपखुशीनं देतील, बहुतेक त्यावरच तिचा संसार. 2024 च्या जानेवारीत इस्रायलनं आरोप केला, की संस्थेचे काही नोकर हमासच्या हल्ल्यात सामील होते. लगेच बऱ्याच देशांनी पैसा थांबवला. पुढं बहुतेकांनी तो पुन्हा सुरू केला. पण मधल्या दिवसांत भुकेल्या पोराला ‘थांब’ म्हणून कसं सांगायचं?

आम्हांला वाटतं, मदत म्हणजे सोबत. सोबत अर्ध्या वाटेत सोडायची नसते. पीठ, औषध, पाटी रोज लागते. आणि नुसती मदत पुरत नाही. शेजाऱ्यांशी शांततेनं राहू इच्छिणाऱ्या निर्वासितांना घरी परतू द्यावं, असं संयुक्त राष्ट्रांनी 1948 च्या डिसेंबरातच सांगितलं होतं. ते अजून झालेलं नाही. पीठ आजची भूक भागवतं. त्या किल्लीचं उत्तर न्यायानंच द्यायला हवं.

शब्द समजून घ्या
निर्वासित – घरदार, गाव सोडावं लागलेला माणूस.
आपखुशीनं – कुणाच्या जबरदस्तीवाचून.

विचार करा, बोला
1. लोकांनी किल्ल्या का जपून ठेवल्या?
2. पिठाबरोबर पाटीही का हवी?
3. मदत आणि न्याय यांत फरक काय?