तिसरा गडी कोणी बाद केला?

क्रिकेटच्या मानाने बेसबॉल आपल्याकडे फारच थोडे लोक खेळतात, तेव्हा या विषयावर आपल्या वार्षिकात लेख कशाला, असे कोणी म्हणेल. माझा हेतू मात्र खेळाचे वर्णन करण्याचा नाही. शेकडो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडलेली एक साधी घटना इतिहासात वादग्रस्त कशी होते, हे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला पाहावेसे वाटले.

अमेरिकेत 'नॅशनल लीग' ही व्यावसायिक संघांची संघटना 1876 साली स्थापन झाली. दोनच वर्षांनी ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स शहराचा संघ तीत दाखल झाला. त्याचा सेंटर फील्ड सांभाळणारा खेळाडू होता पॉल हाइन्स. 8 मे 1878 रोजी प्रॉव्हिडन्स येथे त्याच्या संघाचा सामना बोस्टनशी होता. बोस्टनचा मॅनिंग तिसऱ्या बेसवर होता, सटन दुसऱ्यावर. फलंदाज बर्डॉक याने चेंडू शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून उंच, पण आखूड मारला. हा चेंडू पडणारच, अशा समजुतीने दोन्ही धावक सुटले. हाइन्स लांबून धावत आला, त्याने चेंडू जमिनीजवळ झेलला आणि तसाच पुढे धावत जाऊन तिसऱ्या बेसवर पाय ठेवला. त्यानंतर त्याने चेंडू दुसऱ्या बेसवरील स्वीझीकडे फेकला. त्या काळी क्षेत्ररक्षक बहुतेक उघड्या हातांनीच झेल घेत, हेही ध्यानात ठेवावे.

तीन गडी बाद झाले, बोस्टनचा डाव आटोपला. इथवर कोणाचेच दुमत नाही. प्रश्न आहे तो श्रेयाचा. तिघांनाही एकट्या हाइन्सने बाद केले असेल, तर कोणाच्याही मदतीवाचून साधलेला व्यावसायिक बेसबॉलमधील तो पहिला 'ट्रिपल प्ले' ठरतो. तिसरा गडी स्वीझीकडे बाद झाला असेल, तर पराक्रम मोठाच, पण दोघांचा.

येथे नियम समजून घेतला पाहिजे. चेंडू हवेत झेलला गेला, की फलंदाज बाद होतो आणि बेस सोडून पळालेल्या धावकांना आपापल्या मूळ बेसवर परतावे लागते. ते पोचण्याआधी चेंडू हाती असलेल्या क्षेत्ररक्षकाने त्या बेसला पाय लावला, की धावक बाद. मॅनिंगचा मूळ बेस तिसरा, म्हणून तो हाइन्सच्या पायाने बाद झाला हे उघड आहे. सटनचा मूळ बेस दुसरा. मग तिसऱ्या बेसवर पाय ठेवल्याने तो कसा बाद होईल? हाइन्सच्या बाजूचे लोक सांगतात, की सटन तिसरा बेस ओलांडून पुढे गेला होता; परतताना त्याला तिसऱ्यावरूनच जायचे होते; ती वाट हाइन्सने अडवली, म्हणून तोही तेथेच बाद. विरुद्ध बाजूचे म्हणणे दुहेरी आहे. एक तर सटन तिसऱ्यापर्यंत पोचलाच नव्हता. आणि पोचला असला तरी त्याचा हिशेब दुसऱ्या बेसवरच चुकता व्हायचा.

म्हणजे या वादात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. एक वस्तुस्थितीचा, दुसरा नियमाच्या अर्थाचा. वाद घालणारे बहुधा ते एकत्र करतात, आणि त्यामुळेच हा गुंता सुटत नाही असे मला वाटते.

वस्तुस्थितीपुरता माझा कल हाइन्सकडे आहे. शॉर्टस्टॉपच्या मागच्या जागेपासून दुसरा बेसही जवळच असतो. सटन अर्ध्या वाटेतून माघारी पळत असता, तर हाइन्सने त्याच्याकडे पाठ फिरवून तिसरा बेस गाठला नसता; त्यालाच गाठून चेंडू लावला असता, किंवा लगेच स्वीझीकडे फेकला असता. तो निवांत धावत गेला, त्या अर्थी दोघेही पुष्कळ पुढे गेलेले असावेत. अर्थात हा तर्क आहे, पुरावा नव्हे. त्या काळी मैदानावर एकच पंच असे, चित्रफीत नव्हती. वार्ताहराने लिहिले तेवढेच आपल्या हाती.

नियमाच्या बाबतीत मात्र मला विरुद्ध पक्ष पटतो. धावकाने मूळ बेसवर परतायचे, तर तो बाद व्हायचा तोही मूळ बेसवर. हाइन्सने चेंडू फेकला तो केवळ खातरजमेसाठी, असे त्याचे चाहते म्हणतात. असेलही. पण ज्याला खातरजमा करावीशी वाटली, त्याच्या मनात शंका होती एवढे तरी मानावेच लागते.

याच खेळाडूच्या वाट्याला आणखी एक वाद आला. 1878 च्या हंगामातील फलंदाजीचे अग्रस्थान त्या वेळी मिलवॉकीच्या डॅलरिम्पलला दिले गेले, कारण बरोबरीत सुटलेले सामने हिशेबात धरले नव्हते. पुढे संशोधकांनी ते धरले आणि हाइन्स वर आला. तेथे आकडे होते, म्हणून बेरीज पुन्हा करता आली. सटनचा पाय कोठे होता, याची बेरीज कोण करणार?

मेजर लीगमधला, ज्याबद्दल वाद नाही असा पहिला एकहाती ट्रिपल प्ले 19 जुलै 1909 चा. क्लीव्हलंडचा शॉर्टस्टॉप नील बॉल याने बोस्टनविरुद्ध चेंडू झेलला, दुसऱ्या बेसला पाय लावला आणि पहिल्याकडून धावत आलेल्या गड्याला चेंडू टेकवला. पाहणाऱ्याला शंकेला जागाच नाही. तेव्हापासून 2009 पर्यंत असे 15 प्रसंग नोंदले गेले, आणि ते सर्व बेसजवळ उभ्या राहणाऱ्या खेळाडूंचे आहेत. मेजर लीगमध्ये बाहेरच्या मैदानातून धावत येऊन हे साधल्याची मान्य नोंद एकही नाही. नोंदवही माझ्या हाती असती, तर मी तिसऱ्या गड्यापुढे स्वीझीचे नाव लिहिले असते, आणि झेलाचे व धावेचे सारे कौतुक हाइन्सच्या नावावर ठेवले असते.