कोर्सच्या आधी रुग्णालय बघा

2025 मध्ये 22 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नीट दिली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, आणि त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. हे गणित माहीत असूनही निकालानंतर भोसरी-चिखलीपासून चाकण-तळेगावपर्यंतच्या घरांत बोलणी दोनच प्रश्नांवर अडतात. आणखी एक वर्ष रिपीट करायचं, की कर्ज काढून प्रवेश घ्यायचा? मग कुणीतरी ‘पॅरामेडिकलला टाका’ असं सुचवतं आणि घरात सुतकी शांतता पसरते.

‘पॅरामेडिकल’ म्हणजे नेमकं काय, हे मात्र फार थोड्यांनी जवळून पाहिलेलं असतं. पाहायला लांब जायची गरज नाही. मेट्रोच्या संत तुकारामनगर स्थानकावर उतरा. या परिसरात महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे आपलं वायसीएम, आणि डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाचं रुग्णालय अशी दोन मोठी रुग्णालयं आहेत. वायसीएममध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण चालतं, तेही नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्नतेने. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय 1996 मध्ये सुरू झालं आणि 2003 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज या विद्यापीठात दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री, आयुर्वेद, होमिओपॅथी असे विभाग आहेत. तळेगाव दाभाडे इथे ग्रामीण रुग्णालयाला जोडलेलं मायमर वैद्यकीय महाविद्यालय आहे.

एका शस्त्रक्रियेमागचे हात

मूत्रपिंड प्रत्यारोपणाची बातमी येते तेव्हा फोटो सर्जनचा असतो. पण रुग्ण त्या टेबलापर्यंत पोहोचतो तो महिनोन् महिने डायलिसिस तंत्रज्ञाने सांभाळल्यामुळे. दाता आणि रुग्ण जुळतात की नाही, हे प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ तपासतो. कुटुंबाशी बोलणं आणि कायद्याची कागदपत्रं प्रत्यारोपण समन्वयक पाहतो. या कामात वैद्यकीय समाजकार्य शिकलेली मुलंही असतात. भूलयंत्राची तयारी ओटी तंत्रज्ञाची. नंतर आयसीयूतली परिचारिका, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट. यातला प्रत्येक जण वेगळा अभ्यासक्रम शिकून आलेला असतो, आणि एकाची चूक दुसऱ्याला निस्तरता येत नाही.

म्हणूनच या क्षेत्रासाठी 2021 मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला. प्रयोगशाळा, रेडिओलॉजी, डायलिसिस, फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री असे व्यवसाय त्याच्या कक्षेत आले. ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ म्हणवून घ्यायला किमान 3600 तासांची पदवी हवी, आणि ‘अलाइड’ गटासाठी किमान 2000 तासांचं शिक्षण. सहा महिन्यांत तंत्रज्ञ बनवण्याची जाहिरात दिसली, तर हे दोन आकडे आठवा.

कारखान्यांच्या पट्ट्यात काय खपतं?

आपल्या भागाची एक वेगळी गरज आहे. 500 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कायद्याने रुग्णकक्ष आणि प्रशिक्षित कर्मचारी ठेवावे लागतात. कंपनीत त्याला ‘ओएचसी’ म्हणतात. तिथे तिन्ही पाळ्यांत नर्सिंग कर्मचारी लागतात आणि जीएनएम ही नर्सिंगची पदविका केलेल्या मुलग्यांनाही मागणी असते. ‘मुलगा आणि नर्सिंग?’ असं विचारणाऱ्या वडिलांनी आपल्याच कंपनीच्या ओएचसीत डोकावून यावं.

प्रेस शॉपच्या आवाजात वर्षं काढलेल्यांची श्रवणचाचणी करायला ऑडिओलॉजिस्ट लागतो. यंत्रात बोटं गेलेल्या हाताला पुन्हा कामाची सवय ऑक्युपेशनल थेरपिस्ट लावतो. असेंब्ली लाइनवर उभं राहून धरलेली कंबर फिजिओथेरपिस्टकडे येते. एमबीबीएस झालेल्यांसाठीही वाट आहे. औद्योगिक आरोग्याचा एएफआयएच हा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत चालतो आणि कारखान्याचा वैद्यकीय अधिकारी व्हायला तो उपयोगी पडतो.

प्रवेश कुठून?

राज्यात फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, ऑडिओलॉजी (बीएएसएलपी) आणि कृत्रिम अवयवांचा बीपीओ या अभ्यासक्रमांना नीटचेच गुण लागतात. त्यामुळे एमबीबीएस हुकलं म्हणून नीटचं वर्ष वाया गेलं, असं होत नाही. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं, आणि त्यासाठी सीईटी सेल वेगळी परीक्षा घेतं. तीन वर्षांच्या जीएनएमला विज्ञान शाखेचीच अट नाही. अभिमत विद्यापीठांच्या एमबीबीएसच्या जागा दिल्लीच्या एमसीसीमार्फत (वैद्यकीय समुपदेशन समिती) भरल्या जातात, राज्याच्या फेरीतून नव्हे. दोन्हीकडे वेगळी नोंदणी करावी लागते. फॉर्मच भरायचा राहिला, तर चांगले गुणही कामाला येत नाहीत.

पैशाचं काय?

अभिमत विद्यापीठात एमबीबीएसची फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते. घर गहाण ठेवण्याआधी दोन सवलती तपासा.

पहिली ईएसआयसीची. तुमच्या पगारातून ईएसआयसी कापली जात असेल, तर कलबुर्गी, हैदराबाद, फरीदाबाद अशा ठिकाणच्या ईएसआयसी वैद्यकीय महाविद्यालयांत विमाधारकांच्या मुलांसाठी राखीव जागा असतात. नीट द्यावीच लागते, पण स्पर्धा त्या कोट्यापुरती असते. पात्रतेचा दाखला वेळेत काढावा लागतो. चाकणच्या कितीतरी कामगारांना हा हक्क आहे हेच ठाऊक नसतं.

दुसरी मुलींसाठी. 2024-25 पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा, आणि अभिमत विद्यापीठांना ही माफी लागू नाही. मुलीसाठी संलग्न महाविद्यालय आणि अभिमत विद्यापीठ यांत निवड करताना हा फरक लाखोंचा ठरतो.

प्रवेशाआधी विचारायचे प्रश्न

• संस्थेचं स्वतःचं रुग्णालय आहे का? खाटा किती, आणि त्यांतल्या भरलेल्या किती?
• पदवी कोणतं विद्यापीठ देणार? कोणत्या परिषदेची मान्यता आहे? नोंदणी कुठे होणार?
• वॉर्डातलं पोस्टिंग कितव्या वर्षापासून? इंटर्नशिप किती महिने, आणि स्टायपेंड मिळतो का?
• मूळ कागदपत्रं ठेवून घेतात का? बॉण्ड आहे का? मधेच सोडलं तर फीचं काय?

यातला पहिला प्रश्न सर्वांत मोलाचा. आरोग्याची विद्या रुग्ण पाहूनच येते. डायलिसिसची यंत्रं पुस्तकात पाहिलेला आणि रोज चार रुग्णांना यंत्राला जोडणारा, दोघांच्या हाती पदवी सारखीच असते, पण मुलाखतीत दहा मिनिटांत फरक कळतो. चकचकीत इमारत आणि ओस ओपीडी असेल, तर माहितीपत्रक कितीही गुळगुळीत असो, परत फिरा.

आणि हे बघायला मुलाला सोबत न्या. सोमवारी सकाळी नऊ वाजता ओपीडीत तासभर बसा. तिथली गर्दी, वास, नातेवाइकांचे आवाज. मूल त्यात रमतं की दाराकडे बघतं, याकडे लक्ष द्या. ज्याला माणसांची सोबत जड जाते पण यंत्रं आवडतात, त्याला प्रयोगशाळा किंवा रेडिओलॉजी मानवेल. ज्याला रुग्णाशी बोलल्यावाचून राहवत नाही, त्याला नर्सिंग किंवा फिजिओथेरपी. आणि यातलं काहीच नको वाटलं, तर तेही फी भरण्याआधी कळलेलं बरं. त्या दिवसाची सुट्टी कंपनीत आधीच मागून ठेवा. रिपीटच्या वर्षापेक्षा ती नक्कीच स्वस्त पडेल.