त्याच्या बुद्धीचं काय, हे आम्ही विचारलंच नाही

मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत, चेन्नईत पहाटे दारोदारी कोलम पडतात. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ ठिपक्याला ठिपका जोडत जाते. इथल्या सिक्कु कोलममध्ये ती ठिपक्यांना वळसे घालत फिरते आणि निघाली तिथेच येऊन मिळते. माझा मुलगा सात वर्षांचा असताना उंबऱ्यावर बसून शेजारच्या अक्कांचा हात बघत बसायचा. एका पहाटे तो त्यांना तमिळमध्ये म्हणाला, "इथून वळलात तर तीन वेगळ्या रेघा होतील. एकच हवी असेल तर खालच्या ओळीतला तो वळसा बदला." अक्कांनी पिठाची चिमूट तशीच धरून थोडा वेळ पाहिलं, तळव्यानं वळसा पुसला आणि नवा काढला. रेघ एकसलग मिळाली.

त्याच दुपारी त्याची शास्त्राची वही तपासून आली. 'बिकॉज' हा शब्द एका पानावर चार तऱ्हांनी लिहिलेला होता. नऊ तांबडी वर्तुळं आणि खाली शेरा, 'केअरलेस'. डबक्यातलं पाणी कुठे जातं याचं त्यानं दिलेलं उत्तर बरोबर होतं, त्यावर मात्र साधी बरोबरची खूणही नव्हती.

1970 च्या दशकात मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कोलमवरून संगणकशास्त्रातल्या चित्रभाषांचे नियम मांडले, हे मी फार पुढे वाचलं. त्या दिवशी मी मुलाला 'बिकॉज' पन्नास वेळा लिहायला बसवलं. पन्नासपैकी निम्म्या वेळा तो चुकला. मी त्याला मारलं. हे लिहायला हात धजत नाही, पण जे लिहायला बसले आहे त्याची सुरुवात तिथूनच होते.

आम्ही मूळचे विट्याकडचे. खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यानं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या कामानं, देशभर गेली. आमचं दुकान साहुकारपेठेत. घरात मोठ्या शाळेत शिकलेलं कुणी नव्हतं, म्हणून नातवाला शहरातल्या नावाजलेल्या खासगी शाळेत घालायचं, हे सासऱ्यांनी तो पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. एल.के.जी.ला प्रवेश मिळाला तेव्हा दुकानात पेढे वाटले. शाळा कशी शिकवते हे कुणी विचारलं नाही. दहावीचा निकाल विचारला, फी विचारली.

दुसरीत शाळेनं बोलावून सांगितलं, "घरी मराठी बोलता म्हणून मुलगा मागे पडतो. इंग्रजी बोला." आम्ही ऐकलं. आजी त्याला रोज रात्री गोष्टी सांगायची, त्या बंद केल्या. वर्षभर ती बिचारी नातवाशी खुणांनी आणि तुटक्या 'कम, ईट'नं बोलत राहिली. पुढे त्याला डिस्लेक्सिया असल्याचं कळलं, आणि आज मी ठामपणे सांगते : घरच्या भाषेमुळे कुणाला डिस्लेक्सिया होत नाही. अक्षर आणि ध्वनी यांची जोडी मेंदूत पक्की बसायला जी अडचण येते, तीच ही, आणि ती प्रत्येक भाषेत दिसते. उलट परक्या भाषेतल्या चाचणीवर विसंबलं तर ती 'भाषा येत नाही' या नावाखाली दडून राहते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं 2015 मध्ये 'डाली' नावाचं चाचणी-साधन आणलं. त्यात हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीही आहे. बाहेरगावी राहणाऱ्या मराठी आईबापांनी तपासणीच्या वेळी मूल घरी कोणती भाषा बोलतं हे आपणहून सांगावं आणि त्या भाषेतही तपासायचा आग्रह धरावा.

आमच्या मुलावर भाषांचं ओझंही मोठं. घरात देवनागरी, शाळेत इंग्रजी, वर हिंदी आणि तमिळ. तमिळनाडूत 2006 च्या कायद्यानंतर तमिळ टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली, पुढे इतर बोर्डांच्या शाळांनाही लागू झाली. भाषा गोड आहे, माझं पोर ती गल्लीत अस्खलित बोलतं. पण लिहिताना क, ख, ग, घ यांना एकच अक्षर, आणि 'ल' तीन तऱ्हेचे, 'न' तीन तऱ्हेचे. अक्षर आणि ध्वनी यांची जोडी ज्याच्या मनात पक्की बसत नाही, त्यानं काय करावं?

2019 च्या उन्हाळ्यात, तो आठ वर्षांचा झाल्यावर, मानसशास्त्रज्ञांकडून तपासणी झाली. आधी डोळे आणि कान तपासून घेतले होते. ते आधीच करावं. बुद्धिचाचणी मालिन यांची, वेक्सलरच्या चाचणीचं भारतीय रूप. अहवालात शेवटी एक आकडा होता, 113. मी तेवढाच वाचला आणि म्हटलं, म्हणजे बरा आहे, साधारण. मानसशास्त्रज्ञ बाईंनी पान उलटवायला लावलं. ठोकळ्यांच्या आकृत्या जुळवण्यात तो त्याच्या वयाच्या जवळजवळ सगळ्या मुलांच्या पुढे होता, आणि खुणा भराभर उतरवण्यात तळाला. डोंगर आणि दरी यांची सरासरी काढली तर सपाट जमीन दाखवते, तसा तो 113. अशा मुलांना इंग्रजीत ट्वाइस एक्सेप्शनल म्हणतात. बुद्धी अडचण झाकते, अडचण बुद्धी झाकते, आणि शाळेला दिसतं मधलंच कुणीतरी पोर. अहवाल हातात आला की शेवटचा आकडा बाजूला ठेवा. प्रत्येक उपचाचणी समजावून घेतल्याशिवाय खुर्चीतून उठू नका.

इथून पुढे आम्ही दुसरी चूक केली, आणि ती पहिलीपेक्षा महाग पडली.

'अशा' मुलांना घेणारी म्हणून बोलबाला असलेली एक खासगी शाळा होती. फी दुप्पट, वर विशेष शिक्षिकेचे वेगळे पैसे. प्रवेशाच्या दिवशी मुख्याध्यापिका प्रेमानं बोलल्या. रॅम्प दाखवले, रंगीत खोली दाखवली, तीत मऊ गालिचा होता. "आमच्याकडे त्याच्यावर ताण येणार नाही," म्हणाल्या. मी रडले. इतक्या वर्षांत माझ्या मुलाबद्दल कुणी मायेनं बोललं नव्हतं.

रोज दोन तास त्याला त्या रंगीत खोलीत नेत. कोणते दोन, हे मला चार महिन्यांनी कळलं : गणिताचा आणि चित्रकलेचा. इंग्रजी, हिंदी, तमिळचे तास बुडवणं शाळेला सोयीचं नव्हतं, म्हणून ज्या दोन तासांत तो मान वर करून बसू शकला असता तेच काढून घेतले. वर त्या खोलीत त्याला दुसरीच्या बेरजा. त्याच्यासाठी आखलेल्या वैयक्तिक आराखड्यात सहा उद्दिष्टं होती, सहाही त्याला काय येत नाही त्याची. एका रात्री त्यानं विचारलं, "आई, त्या खोलीत बसणारी मुलं मोठी झाल्यावर काय होतात?" मला उत्तर आलं नाही.

2020 मध्ये शाळा बंद पडल्या आणि वर्ग लॅपटॉपवर आले. तेव्हा मी पहिल्यांदा सगळा तास शेजारी बसून पाहिला. धडा मोठ्यानं वाचून दाखवणारं अ‍ॅप लावलं की तो सगळं समजून घ्यायचा, आणि तोंडी विचारलं की शिक्षिकेच्या पुढचं सांगायचा. घरी एका उपचारात्मक शिक्षिकांनी ध्वनी, हात आणि डोळा एकत्र वापरून अक्षरं घटवून घ्यायला सुरुवात केली. आजीच्या गोष्टी परत सुरू झाल्या. 2021 मध्ये सहावीसाठी आम्ही तिसरी शाळा पाहिली, आणि या वेळी निराळं विचारलं.

वाचनासाठी मुलाला वर्गाबाहेर नेता, तो तास कोणता बुडतो? हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि तुमचाही असावा. विशेष शिक्षिकेची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी आहे का, तिच्याकडे मुलं किती? वर्गशिक्षिकेला भेटू द्या म्हणावं. मुख्याध्यापक रोज वर्गात नसतात. गेल्या तीन वर्षांत अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असलेली किती मुलं दहावीला बसली, किती जणांना जादा वेळ मिळाला? आकडा सांगता आला तर शाळेनं हे काम केलेलं आहे. आणि ज्यात मूल पुढे आहे त्यात त्याला काय देणार? तिसऱ्या शाळेच्या गणिताच्या सरांनी यावर आधी त्याला एक कोडं घातलं, मग म्हणाले, "गणितात आठवीच्या मुलांबरोबर बसवून पाहू." खोली साधी होती, गालिचा नव्हता.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, तो माहीत असू द्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता 21 प्रकारांत धरली. ती लवकर ओळखून शिकवण्यात बदल करणं हे 16 व्या कलमानं मान्यताप्राप्त शाळांचं काम ठरतं. 17 व्या कलमात परीक्षेला जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रमाणपत्र आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळत असे आणि 14 व 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी होत असे. सीबीएसई तीन तासांच्या पेपरला एक तास जादा देते. आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा आईवडिलांची मुलाखत घेता येत नाही. मात्र कलमांचा कागद पहिल्याच भेटीत टेबलावर आपटू नका. त्या शाळेत मूल पाच वर्षं राहणार असतं.

अहवाल लपवू नका. आमच्या नात्यातल्या एका घरानं प्रवेश जाईल या भीतीनं लपवला, आणि दहावीच्या तोंडावर मुलाला आळशी ठरवून घेतलं. ज्या शाळेचं दार अहवाल पाहून बंद होतं, ते आत गेल्यावर तरी किती उघडं राहिलं असतं? चेन्नईत मद्रास डिस्लेक्सिया असोसिएशन 1991 पासून आहे. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन आहे, आणि सायन रुग्णालयात तपासणीचं केंद्र. 'तारे जमीन पर' 2007 मध्ये आला तेव्हा घरोघरी डोळे पाणावले, पण त्यातला मुलगा चित्रं काढतो म्हणून आपण समजलो की अशा पोरांना चित्रकला असते. कुणाला गणित असतं, कुणाला यंत्रं, कुणाला नुसते अचूक प्रश्न. ज्ञान प्रबोधिनी पुण्यात 1962 पासून बुद्धिमान मुलांसाठी झटते आहे, त्यामुळे हुशारीचा विचार मराठी माणसाला नवा नाही. आपण फक्त हुशारी गुणपत्रिकेत शोधतो.

आता तो दहावीला आहे. वाचन अजून सावकाश होतं, 'बिकॉज' अजून कधी कधी चुकतो. गणिताच्या पेपरला चार तास मिळतात, त्यातला पाऊण तास उरतो.

तुम्ही आत्ता एखाद्या शाळेच्या फाटकात अर्ज घेऊन उभे असाल, तर आत जाऊन एवढं करा. चौथीच्या कुठल्याही मुलाची तपासलेली शास्त्राची वही, नाव झाकून, बघायला मागा. तांबडी शाई फक्त स्पेलिंगवरच फिरली असेल, तर अर्ज तसाच घरी घेऊन या.