फेस म्हणजे माप नव्हे

प्रश्न : धसईत आमच्याकडे सुटं दूध मापानं मिळतं. मापात वर नुसता फेस असतो. हे चालतं का?

उत्तर : नाही चालत. फेस म्हणजे हवा. तो बसू द्या आणि कमी भरलेलं दूध हक्कानं मागा. वैध मापन अधिनियम, २००९ नुसार व्यापारातलं माप तपासलेलं आणि मुद्रांकित हवं. मापांची फेरपडताळणी दर दोन वर्षांनी करावी लागते. म्हणून मापावरचा शिक्का बघा आणि पोचा पडलेलं माप नाकारा. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ किंवा जिल्ह्याचं वैध मापन कार्यालय आहे. संकोच करू नका. पूर्ण माप हा तुमचा हक्क आहे.