धोंडू आणि स्टेन



माझ्या आजोबांचे नाव धोंडू. मागे वर्गात आपण घरच्या माणसांची नावे फळ्यावर लिहिली. माझी पाळी आली तेव्हा काही मुले हसली. मला लाज वाटली व मी ते नाव पुसून टाकले.

घरी आजीला सांगितले. ती म्हणाली, "अरे पोरा, त्यांच्या आधीची दोन पोरं जगली नाय. म्हणून माझ्या सासूनं नाव ठेवलं धोंडू. दगडाला कोण नेतंय?" ऐकून मी गप्पच बसलो.

पूर्वी साथी येत, औषधे नसत, मुले दगावत. म्हणून दगडू, धोंडू, केरबा अशी नावे ठेवत. दृष्ट लागू नये, एवढीच इच्छा. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्या महिन्यात जन्मलेल्या मुलालाही धोंडू म्हणत.

मग बाईंनी एक गंमत सांगितली. स्वीडन, नॉर्वे व डेन्मार्क या देशांत स्टेन हे मुलाचे नाव असते. त्याचा अर्थ दगड! म्हणजे तो तिकडचा धोंडूच. तिकडची आणखी नावे पाहा :

स्टेन – दगड
ब्योर्न – अस्वल
उल्फ – लांडगा
टोर्स्टेन – थोर देवाचा दगड (थोर हा मेघगर्जनेचा देव, आपल्या इंद्रासारखा)

आपण नावापुढे वडिलांचे नाव लावतो. आइसलँड देशात वडिलांच्या नावाला 'सोन' म्हणजे मुलगा किंवा 'दोत्तिर' म्हणजे मुलगी असे जोडतात. तेथे बहुतेकांना आडनावच नसते.

महर्षी कर्वे यांचे नावही धोंडो होते. त्यांनी 1916 साली महिला विद्यापीठ काढले. 1958 साली, वयाच्या शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. त्यांच्या नावाला कोण हसेल?

पण सगळीच जुनी नावे मायेची नव्हती. मुलगी नको म्हणून 'नकोशी' नाव ठेवत. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभ करून नवी नावे दिली. ते फार चांगले झाले. धोंडू नावात मूल हवे होते, नकोशी नावात नको होते. हा फरक आपण ओळखावा.

मित्रांनो, कोणाच्या नावाला हसण्याआधी त्याची गोष्ट विचारा. पालकांनो, आमची नावे कशी ठेवली ते आम्हाला जरूर सांगा.

फळ्यावर पुसलेले नाव मी येथे ठळक अक्षरांत लिहितो : माझे आजोबा धोंडू.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी, जांभूळ